ब्रेकचा कोड आणि अँटॉप हिलची केबल

३० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवला नोंदलेल्या त्या गाडीची वीस वर्षांची मुदत संपली होती. वर्तमानपत्रांनी तिच्या रंगावर आणि तिच्यात बसलेल्या पिढ्यांच्या आठवणींवर भरभरून लिहिलं. ब्रेकबद्दल कुणी लिहिलं नाही. गाड्यांचा वायरमन म्हणून मला मात्र आधी ब्रेकच आठवले. त्या गाडीच्या चारी चाकांना ड्रम होते आणि ब्रेकला लागलेली वायर म्हणाल तर मागचा लाल दिवा पेटवणाऱ्या स्विचची, तेवढीच. बाकी सगळं काम तेलाच्या दाबावर आणि लोखंडावर चाले. आज साध्यातली साधी नवी मोटार घेतली तरी चार चाकांना चार सेन्सर, एक पंप, आठ-दहा व्हॉल्व्ह आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो. या दोन गाड्यांच्या मधल्या काळात ब्रेकचा दोष ओळखण्याची विद्या पार बदलली. तो बदल मी अँटॉप हिलमध्ये बसून पाहिला आणि हातांनी केला, म्हणून त्याचा इतिहास लिहून ठेवतो आहे.

मी १९९२ पासून इथे गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो. अँटॉप हिल म्हणजे एका बाजूला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएस कॉलनी, दुसऱ्या बाजूला संगम नगर आणि कोकरी आगार, पलीकडे वडाळ्याचा ट्रक टर्मिनल आणि एमएच-०३ नंबर देणारं मुंबई पूर्वचं आरटीओ. जवळच गुरू तेगबहादूर नगर, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांचा पंजाबी कॅम्प. टॅक्सीवाले, टेम्पोवाले, ट्रकवाले आणि जुनी मारुती जपून वापरणारे सरकारी बाबू असं सगळं गिऱ्हाईक एकाच रस्त्यावर मिळायचं. वडाळ्याची मिठागरं जवळ, त्यामुळे हवा खारट. जमीन सखल, त्यामुळे पावसात पाणी साचणार. वायरीच्या जोडाला आणि सेन्सरच्या प्लगला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

माझं टेबल ज्या गॅरेजच्या दारात होतं, तिथले ब्रेकचे उस्ताद पंजाबी कॅम्पातले सरदारजी होते. गाडी आली की ते आधी बोनेट उघडत नसत. सीटवर बसून पेडल दाबत. मला म्हणायचे, "पहले पैर से पूछ." पेडल स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसली तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. पायाखाली थरथर आली तर ड्रम लंबगोल झाला. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली तर दुसऱ्या बाजूचा व्हील सिलिंडर गळून लायनर ऑइलने भिजलं असणार. दहा मिनिटं गाडी चालवून चारी चाकांना हात लावायचा. एखादं चाक जास्त तापलं असेल तर तिथला शू सुटत नाही. हवा काढायची ती सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून. ही पायाची आणि हाताची विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती. पोरं ती बघून शिकत, आणि ती कुणी कुलपात ठेवू शकत नव्हतं.

जगात मात्र ब्रेक बदलायला सुरुवात झालेली होती. ओल्या धावपट्टीवर चाकं अडकून घसरू नयेत म्हणून विमानांना १९५० च्या दशकातच यांत्रिक उपाय मिळाला होता. १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक अँटिलॉक यंत्रणा, म्हणजे एबीएस, मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आली. तिचं तत्त्व सरळ आहे. प्रत्येक चाकाबरोबर एक दातेरी रिंग फिरते. तिच्यासमोर, एक मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर, चुंबकाभोवती तारेचं वेटोळं असलेला सेन्सर बसवलेला असतो. दाते समोरून गेले की तारेत विजेचे ठोके उठतात. कंट्रोल युनिट चारी चाकांचे ठोके सतत ताडून बघतं. एखादं चाक इतरांपेक्षा एकदम मंदावलं, म्हणजे अडकायला आलं, की व्हॉल्व्ह उघडून त्या चाकाचा दाब कमी करतं, मग पुन्हा वाढवतं, आणि हे एका सेकंदात अनेकदा घडतं. चाक फिरतं राहतं, म्हणून स्टिअरिंग ऐकतं.

आमच्या रस्त्यावर अशा गाड्या नव्वदीच्या दशकात येऊ लागल्या, आणि त्याही मोजक्या. परदेशातून परतलेल्या कुटुंबांनी बरोबर आणलेल्या टोयोटा असत, नाहीतर चौथ्या-पाचव्या मालकाच्या हातात पोचलेल्या मोठ्या गाड्या. त्यांच्या डॅशबोर्डवर एक पिवळी लाइट पेटलेली असे आणि मालक घाबरलेला असे. उस्तादांनी पेडल दाबलं तर ते अगदी घट्ट, निरोगी. पायाला काही कळत नव्हतं, कारण दोष तेलात नव्हता. एबीएसचा दोष सापडला की युनिट स्वतःला बंद करतं आणि साधे ब्रेक चालू ठेवतं. त्यामुळे गाडी रोज नीट थांबते आणि पावसात, घाईच्या वेळी, चाक अडकतं. हा दोष पायाला न सांगणारा होता. तिथून ब्रेकचं अर्धं काम वायरमनच्या टेबलावर आलं.

त्या काळच्या गाड्यांनी एक सोय ठेवलेली होती. टोयोटात डायग्नोसिसच्या सॉकेटमध्ये टीसी आणि ई-१ ही दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडून चावी फिरवली की एबीएसची लाइट उघडझाप करायची. आधी दशकाचे मिणके, दीड सेकंद थांबा, मग एककाचे. तीन मिणके, थांबा, दोन मिणके म्हणजे ३२, पुढचा डावा सेन्सर. ३१ पुढचा उजवा, ३३ मागचा उजवा, ३४ मागचा डावा. ११ आला तर सोलेनॉइडच्या रिलेचं सर्किट तुटलं, ४१ आला तर बॅटरीचा व्होल्टेज कमी. न थांबता एकसारखी भराभर उघडझाप झाली तर दोष नाही. काम झाल्यावर वायर जोडलेली ठेवूनच काही सेकंदांत आठ वेळा पेडल दाबलं की कोड पुसला जाई. सुझुकीच्या गाड्यांत मिणके मोजून १२ आला की सगळं ठीक. काही गाड्यांत डॅशबोर्डची लाइट हा निरोप देत नसे. तिथे आम्ही एलईडीला रेझिस्टर जोडून, दोन सुया सोल्डर करून स्वतःचा दिवा बनवला. सगळ्यात पहिलं घरगुती स्कॅनर ते हेच.

खरी संपत्ती होती ती कोडच्या याद्या. मूळ मॅन्युअल आमच्यापर्यंत पोचत नसे. कुणाच्या तरी ओळखीने एखाद्या पानाची झेरॉक्स यायची, मग ती झेरॉक्सची झेरॉक्स होऊन सायन, वडाळा, कुर्ल्याच्या गॅरेजांत फिरायची. मी एका लांब वहीत गाडीप्रमाणे पानं पाडून कोड उतरवत गेलो. दुसऱ्या गॅरेजमधला वायरमन आपली वही घेऊन यायचा, मी त्याचे कोड उतरवून घ्यायचो, तो माझे. पैशाची देवाणघेवाण त्यात कधी नव्हती.

मग ही उघडझाप बंद होत गेली. गाड्यांमधला दोष मिणक्यांऐवजी डेटाच्या रूपात येऊ लागला आणि तो वाचायला कंपनीचं मशीन लागू लागलं. मर्सिडीझमध्ये ३८ छिद्रांचा गोल सॉकेट, ओपेलमध्ये दहा टोकांचा, फियाटमध्ये तीन टोकांचा. प्रत्येकाचा घाट वेगळा, बोली वेगळी. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना १६ टोकांचा एकच सॉकेट आणि दोषांची समान यादी सक्तीची झाली. आपल्याकडे हे ओबीडीचे, म्हणजे गाडीनेच आपला दोष सांगण्याचे, नियम एप्रिल २०१० आणि एप्रिल २०१३ अशा दोन टप्प्यांत आले. पण या सगळ्या कायद्यांचा हेतू धूर कमी करणं हा होता. इंजिनचे कोड सर्वांसाठी उघडे झाले आणि ब्रेकचे कोड कंपन्यांच्या हातात राहिले. म्हणून आजही स्वस्तातलं रीडर लावलं तर ते इंजिनबद्दल सगळं सांगतं आणि पिवळी एबीएस लाइट समोर पेटलेली असताना 'दोष नाही' म्हणतं. गिऱ्हाईक फसतं ते इथे.

या कुलपाला किल्ली मिळाली ती के-लाइनच्या रूपाने. १९८९ च्या आयएसओ ९१४१ या मानकाने गाडी आणि टेस्टर यांच्यात बोलायला एकच वायर ठरवून दिली होती. १६ टोकांच्या सॉकेटमध्ये ती सातव्या टोकावर येते. चौथं आणि पाचवं टोक अर्थ, सोळावं थेट बॅटरी. शांत असताना के-लाइनवर बारा व्होल्ट असतात आणि बोलताना ती शून्यावर खेचली जाते. सुरुवातीला टेस्टरने हव्या त्या युनिटचा क्रमांक अगदी हळू, सेकंदाला पाच ठोके या वेगाने पाठवायचा. एवढा एक क्रमांक सांगायला दोन सेकंद लागतात. युनिट जागं झालं की मग बोलणं वेगाने, सेकंदाला दहा हजारांच्या आसपास ठोक्यांनी. त्या काळच्या लॅपटॉपला नऊ पिनांचं सीरियल पोर्ट असे. अडचण एवढीच की पोर्टाचे व्होल्टेज आणि के-लाइनचे व्होल्टेज जुळत नाहीत. दोघांच्या मध्ये दुभाषा बसवायचा, म्हणजे झाली केबल.

हे सर्किट मला समजावलं सीजीएस कॉलनीतल्या एका मुलाने. तो माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता आणि वडिलांच्या गाडीच्या निमित्ताने माझ्याकडे यायचा. सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं: मॅक्स-२३२ ची चिप, दोन ट्रान्झिस्टर, के-लाइनला बॅटरीकडे खेचून धरणारा ५१० ओहमचा रेझिस्टर, उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड आणि एक फ्यूज. फ्यूज आणि डायोड मी प्रत्येक केबलमध्ये घातले, कारण सोळाव्या टोकावर चालू बॅटरी असते आणि एक चुकीचा स्पर्श युनिट जाळू शकतो. सॉकेटचं डोकं कुर्ल्याच्या भंगार बाजारातल्या गाड्यांतून काढलेलं. सगळं छिद्रांच्या पाटीवर सोल्डर करून साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत बसवलं आणि वायर बाहेर येते तिथे गाठ मारली, म्हणजे ओढ सोल्डरवर येत नाही. अशा केबली मी बऱ्याच बनवल्या, शेजारच्या गॅरेजांना दिल्या, आणि मला बघून इतरांनी बनवल्या.

या केबलचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो स्कोडा ऑक्टाव्हियावर. २००१ च्या अखेरीस ही गाडी भारतात आली. तिची जोडणी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला होई. काही वर्षांत जुन्या ऑक्टाव्हिया मध्यमवर्गाच्या हातात आल्या आणि आमच्या रस्त्यावर दिसू लागल्या. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठी अमेरिकेतल्या रॉस-टेकने २००० च्या सुमारास 'व्हॅग-कॉम' हा प्रोग्राम काढला होता, तो साध्या केबलवरही बोलत असे. त्या गाड्यांत एबीएसचा पत्ता ०३. तो उघडला की दोष पाच आकडी यायचा. ००२८३ पुढचा डावा सेन्सर, ००२८५ पुढचा उजवा, ००२८७ मागचा उजवा, ००२९० मागचा डावा. ०१२७६ म्हणजे हायड्रॉलिक पंप. ६५५३५ म्हणजे कंट्रोल युनिटच बिघडलं.

कोडपेक्षाही मोलाचं होतं ते चारी चाकांचा वेग एकाच वेळी पडद्यावर दिसणं. एकाने गाडी हळू चालवायची, दुसऱ्याने मांडीवर लॅपटॉप घेऊन बघायचं. तीन चाकं १५ दाखवतात आणि चौथं मधूनच शून्यावर पडतं, म्हणजे ठोका चुकतो आहे. आता चाक उचलायचं. प्लग काढून सेन्सरचा रोध मोजायचा, जुन्या सेन्सरांत तो साधारण एक हजार ओहमच्या आसपास असतो. चाक हाताने फिरवून मीटरवर एसी व्होल्टेज उठतो का बघायचा. मग रिंगवरचा गंज, दात्यांत अडकलेला चुरा, आणि सगळ्यात शेवटी चाकाबरोबर वळून वळून आतून तुटलेली वायर. कोड सर्किटचं नाव सांगतो, वस्तूचं नाही. ००२८३ आला म्हणून सेन्सर बदलला आणि लाइट पुन्हा पेटली, अशी गाडी दर महिन्याला कुणीतरी माझ्याकडे घेऊन येई. बहुतेक वेळा प्लगमध्ये हिरवा गंज असे आणि काम साफसफाईचं निघे. पायाला विचारायची उस्तादांची शिस्त इथे चाकाला विचारायची शिस्त झाली. केबलने ती मोडली नाही, तिला दिशा दिली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहरभर गाड्या खिडकीपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. आमच्या सखल भागाचं तर विचारायलाच नको. पाणी ओसरल्यावर इंजिनं वाळवून, ऑइल बदलून सुरू झाली. आठवड्या-दोन आठवड्यांनी पिवळ्या लाइटी पेटू लागल्या. एबीएसचं युनिट बोनेटखाली खालच्या बाजूला असतं. त्याच्या मोठ्या प्लगमध्ये गढूळ, खारट पाणी राहिलेलं असे आणि तांब्याला गंज धरे. मोठ्या वर्कशॉपांत रांगा होत्या आणि पूर्ण युनिट बदलण्याचा खर्च अनेकांना झेपणारा नव्हता. त्या महिन्यांत केबल लावून आधी एवढंच बघायचो की युनिट उत्तर देतं का. उत्तर दिलं तर ते जिवंत आहे, प्लग साफ करा, पिना तपासा, अर्थ घासून बसवा. किती तरी कुटुंबांचे ब्रेक त्या पावसाळ्यात या पद्धतीने परत आले.

याच काळात बाजारात एक घातक प्रथा पसरली, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. जुनी गाडी विकताना एबीएसची लाइट पेटलेली दिसली तर किंमत पडते. म्हणून काहीजण बल्ब काढून टाकत. त्याहून चतुर लोक ती लाइट ऑइल प्रेशरच्या लाइटला जोडत, म्हणजे चावी फिरवताच ती पेटते, इंजिन सुरू झालं की विझते, आणि घेणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. घरगुती केबलने अशा गाड्या उघड्या पाडल्या. लाइट विझवता येते, युनिटच्या आठवणीतला कोड तसाच राहतो. जुनी गाडी घेण्याआधी केबल लावून घेण्याची सवय आमच्या भागात त्यामुळे लागली, आणि मला या धंद्यातलं सगळ्यात मोठं समाधान त्यात वाटतं.

कोडला कुलूप असणं अन्यायाचं आहे, हे पुढे कायद्यानेही मान्य केलं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, मॅन्युअल आणि डायग्नोस्टिक साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा त्या निकालाचा गाभा होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण आमच्यासारख्यांची अडचण सरकारी कागदावर आली ती तेव्हा. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं. मोटारी त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक आहेत. मधल्या काळात, एप्रिल २०१९ पासून, एबीएस सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं. चौथ्या मालकाच्या मोठ्या गाडीतला दोष आता प्रत्येक घरच्या गाडीत संभवतो.

साबणाच्या डबीतल्या केबलची जागा आधी चीनहून आलेल्या निळ्या यूएसबी केबलने घेतली, मग मोबाइलशी बोलणाऱ्या स्कॅनरने. के-लाइनऐवजी आता सहाव्या आणि चौदाव्या टोकावरची कॅन ही जोडवायर बोलते. अलीकडच्या काही गाड्यांत कोड पुसायलाही कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. कुलूप पुन्हा येतं आहे, आणि या वेळी दोन ट्रान्झिस्टरांनी ते उघडणारं नाही. त्यासाठी कायदाच लागेल.

मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहिताना गिरण्या आल्या, गोदी आली. रस्त्याकडेच्या गॅरेजांचा इतिहास मात्र कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. ज्यांच्याकडे कोडच्या हस्तलिखित वह्या आणि जुन्या केबली असतील, त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. व्हीजेटीआयसारख्या संस्थांनी आणि आयटीआयनी त्या मागून घ्याव्यात, जपाव्यात आणि मुलांना दाखवाव्यात.

गाडी चालवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. लाल ब्रेक लाइट पेटली तर गाडी तिथेच थांबवा, हँडब्रेक आणि ऑइल बघा. पिवळी एबीएस लाइट पेटली तर ब्रेक लागतील, पण ओल्या रस्त्यावर चाक अडकू शकतं, म्हणून पावसाळ्याआधी काम करून घ्या. दोन्ही एकदम पेटल्या तर पुढच्या-मागच्या चाकांमधली दाबाची वाटणीही गेलेली असू शकते, तेव्हा गाडी चालवू नका. मेकॅनिककडे गेलात तर कोड पडद्यावर दाखवायला सांगा, लिहून घ्या, आणि सेन्सर बदलण्याआधी चाक उचलून मीटर लावला का, हे विचारा. आणि ती लाइट विझवून देतो म्हणणाऱ्याच्या हातात गाडीची चावी देऊ नका.